उतारावर पायी

चढावर दम लागला म्हणून सायकलवरून उतरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांत मीही आहे. पण सगळा चढ सायकलवर बसून चढायचा आणि माथ्यावर पोचलं की खाली उतरून, सायकल हातात धरून, डोंगर पायी उतरायचा, असा माणूस एकच पाहिला. आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीतले कंधारकरकाका.

काका सरकारी रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बांधायच्या रस्त्यांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ते रस्ते स्वतः सायकलवरून बघायला निघाले. उंच, सडसडीत अंगकाठी. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटला घोट्याशी लावलेली पत्र्याची क्लिप, पायात कॅनव्हासचे बूट. शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल आणि वहीतले फाडलेले चौकटीचे कागद. कुणी पत्ता विचारला तर काका तोंडानं सांगत नसत. कागद काढून, पायरीवर बसून, उत्तर दिशेचा बाण दाखवून नकाशा काढून देत. विचारणारा बिचारा गाडी चालू ठेवून उभा.

आमचा रविवारचा सायकलीचा गट तिघांचा होता. काका, मी आणि संजीव रेड्डी. मी बँकेतला, बदलीवर हैदराबादेत आलेलो. संजीव सॉफ्टवेअर कंपनीतला, आम्हा दोघांपेक्षा बराच लहान, घरी तेलुगू बोलणारा आणि आमच्याशी दख्खनी. त्याला उताराचं वेड. चढ हा उतारासाठी सोसायचा त्रास, असं त्याचं मत. त्यामुळे प्रत्येक पुलाच्या पलीकडे संजीव आधी पोचून इडली खाऊन संपवायचा, मी मग पोचायचो, आणि काका आपले सावकाश, सायकलचं हँडल धरून, लग्नघरातून परत निघालेल्या माणसासारखे चालत यायचे.

"अंकल, इतना चढे, अब मुफ्त का मजा भी नक्को?" संजीव विचारायचा.

"तू घे की माझ्या वाटचा," काका म्हणायचे. एवढंच.

त्यांच्या आणखी दोन सवयी होत्या. पहिली म्हणजे, सायकलचं कुठलंही काम ते करून देत. साखळी, पंक्चर, चाकाचा बाक, बसणीची उंची, काहीही. गल्लीतल्या निम्म्या सायकली त्यांच्या अंगणात उलट्या झालेल्या असत. पण ब्रेकला हात लावत नसत. "ब्रेक दुकानात दाखव," म्हणायचे आणि हात पुसत आत जायचे. दुसरी सवय म्हणजे, रविवारचा रस्ता शनिवारी संध्याकाळी ते स्वतः आखत, चढउताराच्या आलेखासकट, आणि सिकंदराबादला जायचं असलं की स्टेशनच्या अलीकडचा एक बाजाराचा भाग दोन किलोमीटरचा वळसा घेऊन टाळत.

"काका, सरळ गेलो तर लवकर पोचू ना?" मी एकदा विचारलं.

"तिकडं ट्राफिक लई असतंय."

"रविवारी सकाळी सहाला?"

"हौ," काका म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली. मी पुढं विचारलं नाही. म्हातारपणी माणसाला एखादा रस्ता आवडेनासा होत असेल, असं वाटलं.

काकांची मुलगी केतकी संशोधनासाठी स्पेनच्या उत्तरेला, हिहोन नावाच्या समुद्राकाठच्या गावात दोन वर्षं राहत होती. त्या प्रांताचं नाव आस्तुरियास. ती फोनवर बापाला रोज डिवचायची. "बाबा, इथं सपाट रस्ताच नाही हो. समुद्रापासून निघालं की दोन तासांत डोंगर. आणि प्रत्येक चढावर किलोमीटरला एक पाटी, पुढचा किलोमीटर किती टक्क्यांचा आहे ते लिहिलेली."

या पाट्यांनी काकांना पकडलं. ज्या देशात सरकार स्वतःहून चढाचे टक्के लिहून ठेवतं, तो देश त्यांना बघायचाच होता. काकूंचे गुडघे दुखत. त्या म्हणाल्या, "मी लेकीकडं निवांत बसते. तुम्ही तिघं जावा आणि काय चढायचं ते चढा." अशी आमची आठ दिवसांची फेरी ठरली. सायकली तिथं भाड्यानं घ्यायच्या, मुक्काम गावोगावच्या छोट्या घरगुती लॉजवर. केतकीनं वाट आखली आणि काकांनी ती दोनदा खोडून पुन्हा आखली. जाताना त्यांनी एकच सामान हट्टानं घेतलं, स्वतःच्या सायकलची कातडी बसणी. तिच्यासाठी काकूंनी भरलेली पापडांची एक थप्पी बॅगेतून बाहेर काढावी लागली. त्यावरून विमानतळापर्यंत अबोला होता.

हैदराबादच्या माणसाला डोंगर म्हणजे खडक. एकावर एक रचून ठेवल्यासारख्या शिळा, मधे एखादं सीताफळीचं झुडूप. तिकडे डोंगराचं अंग कुठं दिसतच नव्हतं. तळापासून माथ्यापर्यंत कुरणं, कुरणांना दगडी बांध, बांधाकाठी सफरचंदाची आणि चेस्टनटची झाडं, आणि प्रत्येक वळणावर गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. उभ्या उतारावर त्या गाई इतक्या शांतपणे चरत की संजीव म्हणाला, इनके एक बाजू के पाँव छोटे होंगे. पाऊस असा पडत नसे, भुरभुरत असे. त्याला तिथले लोक ओरबायू म्हणतात. छत्री उघडावी इतका नसतो आणि अर्ध्या तासात बनियनपर्यंत पोचतो.

पहिले दोन दिवस सोपे गेले. कोळशाच्या खाणींसाठी घातलेली जुनी रेल्वेलाइन उखडून तिथं सायकलींसाठी वाट केली होती. नदी बाजूला, मधेमधे बोगदे. आगगाडीला जमायचा तेवढाच चढउतार. काका या दोन दिवसांत एकदाही सायकलवरून उतरले नाहीत. संजीव खूश. त्याला वाटलं, परदेशी हवेनं म्हाताऱ्याचं वेड गेलं.

तिसऱ्या दिवशी पहिली खिंड आली आणि पहिली पाटी दिसली. पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ आठ टक्के. काका थांबले. बॅगेतून त्यांनी शाळेतला कोनमापक काढला. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला एक नट लटकावला होता. तो सायकलच्या दांडीला लावून त्यांनी एक डोळा मिटला, आकडा टिपला, शंभर पावलं चालून पुन्हा टिपला.

"साडेआठ," ते म्हणाले. "अर्धा टक्का खाल्ला यांनी. कंत्राटदार सगळीकडं सारखेच बघ, माधव."

त्यानंतर प्रत्येक पाटीपाशी आम्ही पाच मिनिटं थांबलो. शेजारून जाणारे सायकलस्वार "आनिमो! आनिमो!" असं ओरडत जात. धीर धरा, असा अर्थ. त्यांना वाटे म्हातारबाबा थकले. काका कोनमापक हातात तसाच ठेवून त्यांना नमस्कार करत.

माथ्यावर पोचलो, फोटो काढले, आणि काकांनी सायकल हातात धरली.

"अंकल, बारा किलोमीटर का उतार है!" संजीवचा आवाज रडवेला झाला. "दो-ढाई घंटे लगेंगे."

"तुम्ही जावा पुढं. मी यायलो."

मी थोडा उतरायचो, वळणावर थांबायचो, मागं बघायचो. धुक्यातून आधी घंटा ऐकू यायच्या, मग गाई दिसायच्या, मग गाईंच्या मागून काका. जणू तेच त्यांना घरी न्यायला निघालेत. खाली गावातल्या दुकानात संजीव, बाटली डोक्याच्या वर धरून पेल्यात धार सोडणाऱ्या माणसाकडे बघत बसलेला. तिथं सफरचंदाची आंबवलेली दारू अशीच ओततात. "तीन लोगां डाल के दिखाए," तो म्हणाला, "आप लोग आतेच नहीं."

उशीर व्हायचा याला आणखी एक कारण होतं. प्रत्येक खेड्यात लाकडी धान्यकोठारं असतात, चार दगडी खांबांवर उभी. एका गावात काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सरळ एका कोठाराखाली जाऊन गुडघ्यांवर बसले. खांबाच्या डोक्यावर आणि कोठाराच्या तळाच्या मधे एक रुंद सपाट फरशी ठेवलेली होती. ते बोटानं तिची कड चाचपत होते. घरातून एक म्हातारी बाहेर आली. अंगात फुलाफुलांचा झगा, पायात लाकडी तळाचे जोडे. मला वाटलं आता ओरडणार.

"बाई, उंदीर इथनं चढतो, बरोबर?" काका चक्क मराठीत म्हणाले आणि दोन बोटं खांबावरून चालवत वर नेली. बोटं फरशीला खालून अडली. "आन् इथं अडला. पडला खाली. वा बाई, वा!"

म्हातारी खळखळून हसली. तिनंही आपली दोन बोटं खांबावरून चालवली आणि पडणाऱ्या उंदराचा आवाज काढला. मग अर्धा तास ती तिच्या भाषेत आणि काका मराठीत बोलत होते. तिनं शिडी लावून आत नेलं, मक्याची टांगलेली कणसं दाखवली. काकांनी चौकटीच्या कागदावर कोठाराचा छेद काढून तिला दिला, मापांसह. निघताना सफरचंदांनी आमच्या पिशव्या भरल्या होत्या.

"तिच्या सासऱ्यानं बांधलंय," काका म्हणाले.

"तुम्हाला काय कळलं?"

"बोलल्या की त्या."

पाचव्या दिवशी मोठी खिंड होती. सकाळपासून ओरबायू. काका नेहमीच्या संथ लयीत चढले, पण शेवटच्या दोन किलोमीटरवर धुकं इतकं दाटलं की पुढच्याचा फक्त लाल दिवा दिसत होता. माथ्यावर एक बंद हॉटेल आणि त्याच्या छपराखाली आम्ही तिघं. फोनला रेंज नाही, रस्त्यावर गाडी नाही. संजीवनं सायकल झटकली, मागचा ब्रेक दाबला आणि मूठ थेट हँडलला जाऊन लागली. दोन दिवस वेड्यासारखे उतार उडवून त्यानं रबरं झिजवून टाकली होती.

"अंकल, पिछला ब्रेक गया. जरा देखते?"

काका चष्मा पुसत होते. "नाही."

"नये रबर हैं ना अपने पास. दस मिनट का काम."

"मैं ब्रेक का काम नहीं करता, संजीव."

"पूरी साइकिल खोल के बिठाते आप! सिर्फ ब्रेकच नक्को? कायकू?"

चष्मा पुसून झाला होता तरी काका पुसत राहिले. संजीव थंडीनं आणि भुकेनं वैतागलेला. "ठीक है," तो म्हणाला, "अगले ब्रेक पे उतरता मैं." आणि त्यानं टांग टाकली.

काकांनी झेप घेऊन त्याचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. चष्मा खाली पडला. मी त्यांना इतक्या चपळाईनं हलताना कधी बघितलं नव्हतं. "नाही जायचं," ते म्हणाले. आवाज फाटलेला. "पायी जाऊ. माझ्यासोबत चल. हात जोडतो मी तुला."

संजीव मुकाट्यानं उतरला. मी चष्मा उचलून दिला. अकरा किलोमीटरचा उतार आम्ही तिघं ओळीनं चालू लागलो.

अर्ध्या तासानं काकांनीच बोलायला सुरुवात केली, रस्त्याकडे बघत, अर्धं मराठीत आणि संजीवसाठी अर्धं दख्खनीत.

मनोहर म्हणून त्यांचा मित्र होता. अंबरपेठेतलाच, शाळेपासूनचा. दोघं चोवीस वर्षांचे असताना मनोहर फौजदाराच्या लेखी परीक्षेत पास झाला. आता धावण्याची चाचणी राहिली होती. पायांना ताकद यावी म्हणून त्यानं एक जुनी सायकल घेतली. तिचे ब्रेक खराब होते. काकांनी चार दिवस खपून नवे बसवले, तारा, रबरं, सगळं. रविवारी दोघं बंजारा हिल्सला गेले. तेव्हा तिथं बंगले थोडे आणि खडक जास्त. वर चढले, दम खाल्ला. उतारावर मनोहर पुढं होता.

"वळणावर तो वळलाच नाही," काका म्हणाले. "सरळ गेला. दगडांत."

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पाय वाचला, पण दीड इंच आखूड झाला. फौजदारकी गेली.

"तीन दिवस मी दवाखान्यात जायचो. तिसऱ्या दिवशी त्याच्या आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं आन् विचारलं, 'ब्रेक तूच बसवले होतेस ना रे?'" काका थांबले. "रागानं नाही. नुसतं विचारलं त्यांनी. मला हो म्हणता आलं नाही. जिना उतरून खाली आलो, ते परत गेलो नाही."

"मनोहररावांचीच काही चूक झाली नसेल का?" मी म्हणालो. "म्हणजे, तुमचीच चूक असं कशावरून?"

"चार दिवस मीच खपलो होतो ना त्याच्यावर. दुसरं काय असणार?"

संजीवनं सायकल काकांच्या बरोबरीला आणली. मग म्हणाला, "दोस्त को पूछे आप? कैसा गिरा करके?"

"त्यात विचारायचं काय?"

"नहीं अंकल. पूछे क्या?"

काका चालायचे थांबले. धुक्यात कुठंतरी खाली घंटा वाजत होत्या.

"नाही," ते म्हणाले. "विचारलं नाही."

तसेच चालत गावात पोचलो. लॉजच्या मालकिणीनं आमचे कपडे चुलीपाशी वाळत घातले. संजीवनं काकांच्या ताटात चीज आणि पाव स्वतः वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ब्रेक स्वतःच खोलला. काका चार फूट लांब, हात पाठीमागं बांधून उभे, आणि तोंडानं एकेक सूचना. "डावीकडं फिरव. एवढं नाही. आता तार ओढ. दोन्ही बाजूंना सारखी फट ठेव." ब्रेक लागला. संजीवनं पाचदा दाबून दाखवला. काकांनी मान डोलावली, पण जवळ आले नाहीत.

मनोहर सध्या कुठं असतात, हे मी परतीच्या विमानात विचारलं. मला वाटलं होतं, अमेरिका नाहीतर निदान नांदेड सांगतील.

"सिकंदराबादला," काका म्हणाले. "स्टेशनच्या अलीकडं, बाजारात."

अंबरपेठेपासून सायकलनं पाऊण तास. चाळीस वर्षं.

हैदराबादला आल्यावर तीन रविवार काका सायकल घेऊन बाहेरच आले नाहीत. कधी सर्दी, कधी पाहुणे. चौथ्या शनिवारी काकू आमच्या दारात. "माधव, यांनी मला सगळं सांगितलंय. लग्नाला अडतीस वर्षं झाली, प्रत्येक वेळी स्टेशनला जाताना रिक्षा लांबनं घ्यायला लावायचे. मी म्हणायची, माणूस विक्षिप्त आहे. उद्या यांना घेऊन जा. नाही म्हणाले तर मी चालत निघते म्हणावं, माझ्या या गुडघ्यांनी."

रविवारी आम्ही तिघं निघालो. या वेळी वळसा नव्हता. टाळायची म्हणूनच ती गल्ली काकांना पाठ होती, दार पाठ होतं. तळमजल्यावर छोटं दुकान, पाटीवर चार लिप्यांत लिहिलेलं: मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी लग्नपत्रिका. शटर अर्धं वर. काकांनी सायकल उभी केली, पुन्हा नीट उभी केली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मला वाटलं आता परत फिरणार. तेवढ्यात शटरखालून वाकून एक गोल चेहऱ्याचे, टक्कल पडलेले गृहस्थ बाहेर आले. हातात दुधाची पिशवी, एका पायावर भार टाकत चालणं.

"दुकान बंद हाय आज," ते म्हणाले. मग काकांकडे बघत राहिले.

"मी दिगंबर," काका म्हणाले.

ते गृहस्थ हलले नाहीत. मग एकदम मागं वळून त्यांनी घरात हाक मारली, "शैला! अगं ए! दिग्या आला!"

त्या हाकेनं मला काहीतरी जाणवलं. हे नाव त्या घरात नवं नव्हतं.

आत कागदाच्या रिमांमधे खुर्च्या मांडल्या गेल्या. काका बसेनात. "मी बसायला नाही आलो, मनोहर. त्या दिवशीचे ब्रेक—"

मनोहररावांचा चेहरा उतरला. "मला वाटलंच. तू ते विसरला नाहीस. मान्य हाय बाबा, चूक माझी. पण चाळीस वर्षं राग धरायचा?"

"कसला राग? तुझी कसली चूक?"

"म्हणजे?" आता मनोहरराव गोंधळले. "अरे, ब्रेक मी खोलला होता ना. शनिवारी संध्याकाळी. मागचं रबर चाकाला घासायचं, कुईकुई आवाज यायचा. तुझ्याकडं यायच्या ऐवजी मीच बाबांची पक्कड घेतली आन् ढिला केला. मग पुढचाही केला, दोन्ही सारखे पाहिजेत म्हणून. सकाळी तू विचारलंस, कसा चालायलाय ब्रेक? मी म्हटलं, एकदम मस्त. चार दिवस खपला होतास, तुला काय सांगू, मी तुझं काम उसकटलं म्हणून?"

काका उभेच होते. शैलावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षीच मला सांगितलंय यांनी," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, जाऊन माफी मागा भावजींची. तर म्हणायचे, तो दवाखान्यात यायचा बंद झाला, म्हणजे त्याला कळलंय. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"नट कुठला?" काका म्हणाले.

"काय?"

"कुठला नट ढिला केलास? तारेचा का रबराचा?"

"मला काय माहीत! एवढी वर्षं झाली."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. समोर कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलं होतं. त्याच्या पाठीवर त्यांनी उभ्याउभ्या ब्रेक काढला. चाक, रबरं, कमान, तार, एकेक नट, बाणासकट. कागद पुढं सरकवला. मनोहररावांनी चष्मा वर ढकलला, थोडा वेळ निरखलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "हा. हा वरचा. पक्कडीनं फिरता फिरेना, म्हणून जोर लावला आन् एकदम सुटला. मग हातानं आवळला. पुढचाही तसाच."

"हातानं?"

"हातानं."

"गाढवा," काका म्हणाले. "तारेचा नट हातानं आवळतात? पहिल्या जोराच्या दाबात निसटणारच तो. निसटणारच. दुसरं काही होऊच शकत नाही." त्यांनी त्या नटाभोवती पेन्सिलीनं गोल केला, पुन्हा केला, आणि मग खुर्ची चाचपत खाली बसले. "मी बरोबर बसवला होता," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "माधव, मी बरोबर बसवला होता रे."

संजीवला भरभर मराठी कळत नाही. त्यानं मला कोपरानं ढोसलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो आधी आ वासून बघत राहिला आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. "चालीस साल," तो म्हणत होता, "दोनों गुस्सा समझ के!" ते ऐकून मनोहरराव हसायला लागले, मग वहिनी. काका हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला होता.

पाय आणि फौजदारकी यांचा विषय काकांनी पोहे खाताना काढला. मनोहरराव म्हणाले, "आई म्हणायची, बरं झालं, पोलिसात गेला असता तर घरी कधी दिसला नसता. वाईट वाटायचं पहिली काही वर्षं, खोटं कशाला बोलू. मग टायपिंग शिकलो, हे दुकान टाकलं. अर्ध्या हैदराबादची लग्नं माझ्या हातून लागलीत. तुझ्या लग्नाची पत्रिका मात्र दुसऱ्यानं छापली. ती कुणाकडं तरी बघितली मी. त्यात मराठीच्या तीन चुका होत्या."

"चार," काका म्हणाले.

आम्ही दुपारी निघालो. वाटेतल्या पुलाच्या माथ्यावर मी मुद्दाम हळू झालो. काका सायकलवरून उतरलेच. आमची तोंडं बघून म्हणाले, "सवय हाय रे. एका दिवसात कशी जाईल?" पण पुढच्या महिन्यात लहान पुलांवर ते बसून उतरू लागले, दोन्ही ब्रेक अर्धे दाबून, पाय जमिनीपासून चार बोटं वर. उस्मानिया विद्यापीठाजवळचा उतार ते पहिल्यांदा उतरले तेव्हा खाली संजीवनं इतक्या टाळ्या वाजवल्या की फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली. त्याच आठवड्यात माझा पुढचा ब्रेक त्यांनी न सांगता घट्ट करून ठेवला. मला ते दोन दिवसांनी कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी पुस्तकं भरायला खोकी हवी होती म्हणून कोठीच्या बाजारात गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडे चष्म्याचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीवर उजेडात ते दोघं उभे. मनोहरराव दोन्ही हातांनी आरसा धरून होते. काकांच्या नाकावर एक जाड काळी चौकट होती आणि ते मान डावीउजवीकडे फिरवून बघत होते. मनोहरराव काहीतरी बोलले. काकांनी चौकट काढली आणि तीच त्यांच्या नाकावर चढवली, कानांमागं दोन बोटांनी नीट बसवली, एक पाऊल मागं सरून एक डोळा मिटून बघितलं, पुन्हा पुढं होऊन डावी बाजू जराशी वर केली. मनोहरराव आरशात न बघताच हसत होते. दुकानदार आतून आणखी चौकटींचा ट्रे घेऊन आला होता आणि तो धरून उभा होता.

मी रस्ता ओलांडायला एक पाऊल टाकलं होतं. मग मागं घेतलं, आणि खोकी घेऊन बसस्टॉपकडे वळलो.